वळवाची वीज

उन्हाळ्याच्या शेवटी महाराष्ट्रात वळवाचा पाऊस पडतो. हा पाऊस सर्वांना हवाहवासा वाटतो. पण त्याच्याबरोबर वीजही येते. वीज कशी तयार होते, ती आपल्यापासून किती दूर आहे हे कसे ओळखावे आणि शेतात, माळावर किंवा मैदानात असताना जीव कसा वाचवावा, याची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे.

मे महिन्यातील दुपार. मराठवाडा, विदर्भ, खानदेश या भागांत पारा चाळीस अंशांच्या पुढे गेलेला असतो. जमीन तव्यासारखी तापते. झाडाचे पानही हलत नाही. माणसे घामाने बेजार होतात. अशा वेळी क्षितिजावर एक काळा ढग हळूहळू डोके वर काढतो. एकाएकी गार वारा सुटतो. धूळ उडते, घरांवरचे पत्रे वाजू लागतात, दोरीवरचे कपडे गोळा करताना सर्वांची तारांबळ उडते. मग टपोरे थेंब पडतात, मातीचा सुगंध दरवळतो, कधी गाराही पडतात. हाच वळीव, म्हणजे वळवाचा पाऊस. मोसमी पाऊस सुरू होण्यापूर्वी, एप्रिल, मे आणि जूनच्या सुरुवातीला तो येतो. बहुधा तो दुपारनंतर येतो आणि थोड्या वेळात निघून जातो.

वळीव आला की मुलांना आनंद होतो. कोणी गारा वेचायला अंगणात धावतात, तर कोणी वाऱ्याने पडलेल्या कैऱ्या गोळा करायला आंब्याच्या झाडाखाली जातात. पण मुलांनो, इथेच धोका असतो.

'धोका' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूत 'धोका' म्हणजे फसवणूक. मराठीत मात्र 'धोका' म्हणजे ख़तरा. वळवाची वीज दोन्ही अर्थांनी धोका आहे. ती जीव घेऊ शकते आणि ती माणसाला फसवतेही. डोक्यावर आभाळ निळे असते, पावसाचा एक थेंबही पडलेला नसतो, तरी ती पडू शकते. पाऊस थांबतो, ऊन पडते, आता संकट टळले असे वाटते, तेव्हाही ती पडू शकते.

आता एक प्रसंग पाहू. प्रसंग काल्पनिक आहे. पण असे प्रसंग दर उन्हाळ्यात गावोगावी घडतात.

नववीत शिकणारी शबाना आणि तिचा धाकटा भाऊ इरफान अब्बांचा डबा घेऊन शेतात गेले होते. शेतात कांद्याचा मोठा ढीग लावलेला होता. अब्बा आणि शेजारच्या शेतातले विठ्ठलकाका त्या ढिगावर ताडपत्री टाकत होते. काकांचे बैल बांधावरच्या लिंबाच्या झाडाखाली बांधलेले होते. इतक्यात पश्चिमेला वीज चमकली. शबाना मोजू लागली, "एक, दोन, तीन..." सत्तावीस म्हणेपर्यंत दूरवर गडगडाट ऐकू आला.

"अब्बा, वीज नऊ किलोमीटरवर आहे. आपण घरी जाऊ या," शबाना म्हणाली.

"अगं, नऊ किलोमीटर म्हणजे पार पलीकडच्या गावात! अजून थेंबही पडला नाही. एवढा ढीग झाकून होऊ दे, बेटी. वर्षाची कमाई आहे ही," अब्बा म्हणाले.

"आणि पाऊस आलाच, तर हा लिंब आहे की!" काका हसून म्हणाले. "इतका दाट आहे, अंगावर थेंब पडत नाही. लहानपणापासून आम्ही याच्याखालीच थांबतो, पोरी."

"काका, लिंब आपल्याला भिजू देत नाही हे खरे. पण तो विजेपासून वाचवत नाही. उलट, या माळावर सर्वांत उंच तोच आहे," शबाना म्हणाली.

चार-पाच मिनिटांनी पुन्हा वीज चमकली. या वेळी इरफानही मोजू लागला. अठराला गडगडाट झाला.

"आपा, म्हणजे सहा किलोमीटर! ती तर आपल्याकडेच येते आहे," तो घाबरून म्हणाला.

अब्बांनी ढिगाकडे पाहिले, मग मुलांकडे पाहिले. "कांदा पुन्हा पिकवता येईल," ते म्हणाले. जेवढी ताडपत्री टाकून झाली होती तिच्यावर त्यांनी चार दगड ठेवले. हातातले खोरे तिथेच टाकले आणि पाय काढता घेतला. काकांनी बैल सोडले. अर्ध्या किलोमीटरवर, वस्तीवर काकांचे विटांचे पक्के घर होते. बैल गोठ्यात बांधून सगळे घरात शिरले, तोच पाऊस सुरू झाला. आता चमक आणि गडगडाट यांत सहाच सेकंद जात होते. थोड्याच वेळात सर्वांचे डोळे दिपले आणि त्याच क्षणी मोठा आवाज झाला. इरफान शबानाला बिलगला.

पाऊस थांबला. शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास झाल्यावर सगळे शेताकडे गेले. लिंबाची साल शेंड्यापासून बुंध्यापर्यंत सोलून निघाली होती. खाली जिथे बैल उभे होते, तिथे लाकडाच्या ढलप्या पडल्या होत्या. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग ते शबानाला म्हणाले, "पोरी, उद्या मलाही ते मोजायला शिकव." निम्मा कांदा भिजला होता. तो पसरून वाळवावा लागणार होता. पण चौघेही आणि बैलही सुखरूप होते. अब्बांचा जीव भांड्यात पडला.

शबानाने काय मोजले? वीज चमकते आणि गडगडते एकाच वेळी. परंतु प्रकाश एका सेकंदात सुमारे तीन लाख किलोमीटर जातो, म्हणून चमक आपल्याला लगेच दिसते. आवाज मात्र हवेतून एका सेकंदात सुमारे ३४० मीटरच जातो. म्हणजे एक किलोमीटर यायला त्याला जवळजवळ तीन सेकंद लागतात. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत आणि त्यांना तीनने भागावे. उत्तर येते तेवढे किलोमीटर वीज दूर असते.

पण नऊ किलोमीटर दूर असलेल्या विजेची भीती कशाला बाळगायची? कारण पुढची वीज तिथेच पडेल असे नाही. ढगातून निघालेली वीज कधी कधी दहा-पंधरा किलोमीटर दूरही पडते. गडगडाटही साधारण तेवढ्याच अंतरावरून ऐकू येतो. म्हणून नियम सोपा आहे: गडगडाट ऐकू आला, म्हणजे आपण विजेच्या टप्प्यात आलो. वीज जवळ येते की दूर जाते हे कळावे म्हणून सेकंद मोजायचे. बाहेर थांबायला अजून किती वेळ आहे हे ठरवण्यासाठी नाही.

ही वीज ढगात येते कुठून? उन्हाळ्यात तापलेली जमीन जवळच्या हवेला तापवते. गरम हवा हलकी होऊन वर जाते. समुद्राकडून आलेली वाफही तिच्याबरोबर वर चढते. वर थंडी असल्यामुळे वाफेचे पाण्याचे थेंब आणि बर्फाचे कण होतात. ढग वाढत वाढत बारा किलोमीटरहूनही उंच जातो, म्हणजे एव्हरेस्ट शिखरापेक्षाही उंच! ढगात बर्फाचे हलके कण आणि मऊ गारा एकमेकांवर आदळतात. त्यामुळे त्यांच्यावर विद्युतप्रभार निर्माण होतो. हलके कण धनप्रभार घेऊन वर जातात, तर जड गारा ऋणप्रभार घेऊन खाली राहतात. ढगाच्या तळाशी ऋणप्रभार साठला की त्याच्या खालच्या जमिनीवर धनप्रभार गोळा होतो. हा साठा फार वाढला की हवा त्याला अडवू शकत नाही आणि प्रचंड ठिणगी पडते. तीच वीज. तिच्या वाटेतील हवा क्षणभर सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. सूर्याच्या पृष्ठभागाच्या तापमानाच्या हे पाचपट आहे. तापलेली हवा एकदम फुगते आणि तिचा धक्का आपल्याला गडगडाट म्हणून ऐकू येतो.

आकाशातील वीज आणि प्रयोगशाळेतील वीज एकच आहे, हे अमेरिकेतील बेंजामिन फ्रँकलिन यांनी ओळखले. १७५२ साली त्यांनी वादळी ढगात पतंग उडवून आपल्या म्हणण्याची परीक्षा घेतली. त्यांच्याच कल्पनेतून तडितरक्षक तयार झाला. उंच इमारतीवर धातूची टोकदार कांब बसवतात आणि जाड पट्टीने ती जमिनीत पुरलेल्या धातूच्या पत्र्याला जोडतात. इमारतीवर पडलेली वीज या वाटेने जमिनीत जाते. परंतु पुढच्याच वर्षी, १७५३ मध्ये, रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे गेओर्ग रिखमन हे शास्त्रज्ञ वादळात असाच प्रयोग करत असताना वीज लागून मरण पावले. म्हणून असे प्रयोग आपण कधीही करू नयेत.

झाडाखाली का थांबू नये, हे आता समजून घेऊ. वीज बहुधा उंच वस्तूवर पडते. झाडावर पडलेली वीज झाडातून खाली येताना जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर उडी घेते. तिने तशी उडी घेतली नाही, तरी ती बुंध्यापासून जमिनीत चहूकडे पसरते आणि एका पायातून शिरून दुसऱ्या पायातून बाहेर पडते. दोन पायांत जितके अंतर जास्त, तितका धक्का मोठा. गाईबैलांचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात. म्हणूनच झाडाखाली बांधलेली जनावरे एकाच विजेने मरतात. तारेच्या कुंपणातून किंवा लोखंडी नळातूनही वीज दूरवर जाते. थोडक्यात, वीज आपल्या डोक्यावरच पडली पाहिजे असे नाही.

मग काय करावे?

१. गडगडाट ऐकू येताच काम किंवा खेळ थांबवून पक्क्या घरात जावे. शाळा, मशीद, मंदिर अशी कोणतीही पक्की इमारत चालेल.
२. घर दूर असेल, तर पत्र्याचे छत असलेल्या बंद मोटारीत किंवा बसमध्ये बसून काचा लावून घ्याव्यात. सायकल, मोटारसायकल आणि उघडा ट्रॅक्टर यांवर थांबू नये.
३. झाड, विजेचा खांब, मनोरा, तारेचे कुंपण यांपासून दूर राहावे. उघडी छपरी, मंडप किंवा झोपडी विजेपासून वाचवत नाही.
४. विहीर, तळे, नदी यांत पोहत असाल तर लगेच बाहेर यावे.
५. घरात खिडकीजवळ किंवा गच्चीवर उभे राहू नये. तारेने जोडलेली विजेची उपकरणे आणि नळ यांना हात लावू नये.
६. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर तीस मिनिटे बाहेर पडू नये.

जवळ कुठेच निवारा नसेल, तर उंचवटा सोडून सखल जागी यावे. मात्र पाण्यात उभे राहू नये. सर्वांनी एका जागी गर्दी न करता एकमेकांपासून दूर व्हावे. दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसावे, डोके खाली घ्यावे आणि कान झाकावेत. जमिनीवर आडवे पडू नये. पण हा शेवटचा उपाय आहे. अशा बसण्याने धोका थोडा कमी होतो, संपत नाही. खरा उपाय एकच, तो म्हणजे वेळेवर निघणे.

कोणाला वीज लागलीच, तर त्याच्याजवळ जायला भिऊ नये. त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही; त्याला हात लावल्याने आपल्याला धक्का बसत नाही. त्याला शक्य तितक्या लवकर सुरक्षित जागी न्यावे आणि १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. त्याचा श्वास आणि नाडी थांबली असेल, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळवे एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबावे. मदत येईपर्यंत हे थांबवू नये. ही कृती जाणकारांकडून आधीच शिकून घ्यावी. वेळेवर मदत मिळाली, तर अनेक जण वाचतात.

विजेविषयी लोकांत काही चुकीच्या समजुती आहेत. पायाळू माणसावर, म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले त्याच्यावर, वीज पडते असे काही लोक मानतात. विजेला कोणाचा जन्म ठाऊक नसतो. उंच वस्तू आणि उघडी जागा, एवढेच कारण असते. एकदा वीज पडली तिथे ती पुन्हा पडत नाही, हेही खरे नाही. उंच इमारतींवर ती पुन्हा पुन्हा पडते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली भारतात वीज पडून २,८८७ माणसे मरण पावली. शेतात राबणारी आणि गुरे चारणारी माणसे दिवसभर उघड्यावर असतात, म्हणून त्यांनाच हा धोका जास्त असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने 'दामिनी' नावाचे मोबाइल अ‍ॅप तयार केले आहे. आपल्या आसपास २० ते ४० किलोमीटरच्या परिसरात विजेचा धोका असल्यास ते सूचना देते. घरी ज्यांच्याकडे असा फोन आहे, त्यांना तुम्ही ही माहिती देऊ शकता. फोन नसला तरी कान आहेतच.

मराठीत एक म्हण आहे, 'गर्जेल तो पडेल काय?' उर्दूतही आपण म्हणतो, 'जो गरजते हैं वो बरसते नहीं।' बढाई मारणाऱ्या माणसांच्या बाबतीत ही म्हण खरी असेल. ढगाच्या बाबतीत मात्र तिच्यावर विसंबू नका. ढग बरसेल किंवा बरसणार नाही. पण तो गरजला, म्हणजे त्यात वीज आहे. पावसाने माणूस भिजतो आणि पुन्हा वाळतो. म्हणून भिजायला भिऊ नका, झाडाखाली थांबू नका. पहिला गडगडाट ऐकताच घराची वाट धरा आणि बरोबरच्यांनाही घेऊन चला.

शब्दार्थ

वळीव – मानसून से पहले की गर्मियों की बारिश
क्षितिज – उफ़ुक़
गडगडाट – बादल की गरज
धोका – ख़तरा
बांध – खेत की मेंड़
ताडपत्री – तिरपाल
खोरे – फावड़ा
ढलपी – लकड़ी का छिलका, टुकड़ा
विद्युतप्रभार – बर्क़ी चार्ज
निवारा – पनाह की जगह
सखल – नशेबी, नीची
समजूत – ख़याल

वाक्प्रचार

तारांबळ उडणे – घाईमुळे गोंधळ होणे
पाय काढता घेणे – तिथून लगेच निघून जाणे
डोळे दिपणे – प्रखर प्रकाशाने काही न दिसणे
जीव भांड्यात पडणे – काळजी दूर होऊन हायसे वाटणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) वळवाचा पाऊस कोणत्या महिन्यांत पडतो?
(आ) काकांचे बैल कुठे बांधलेले होते?
(इ) तडितरक्षक कोणाच्या कल्पनेतून तयार झाला?
(ई) शेवटच्या गडगडाटानंतर किती वेळ बाहेर पडू नये?

प्र. २. कारणे द्या.
(अ) विजेची चमक आधी दिसते आणि गडगडाट नंतर ऐकू येतो.
(आ) झाडाखाली बांधलेली जनावरे एकाच विजेने मरतात.
(इ) वीज लागलेल्या माणसाला हात लावायला भिऊ नये.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) अब्बा लगेच निघायला का तयार नव्हते? नंतर त्यांनी आपला विचार का बदलला?
(आ) "वीज माणसाला फसवते," असे लेखक का म्हणतात?

प्र. ४. हिशेब करा. चमक दिसल्यावर १५ सेकंदांनी गडगडाट ऐकू आला. वीज किती किलोमीटरवर आहे? तुम्ही मैदानात क्रिकेट खेळत असाल, तर काय कराल?

प्र. ५. पाठातील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.

प्र. ६. भाषाभ्यास. 'धोका' या शब्दाचा अर्थ मराठीत आणि उर्दूत वेगळा आहे. असे आणखी तीन शब्द शोधा आणि त्यांचे दोन्ही अर्थ लिहा.

उपक्रम : 'गडगडाट ऐकताच घरात' या विषयावर पाच सूचनांचा फलक मराठीत आणि उर्दूत तयार करा व शाळेत लावा.